मित्राला उसनं दिलेलं बिटकॉइन: परत काय मागायचं, नाणं की पैसे?

कवडसा (मार्च २०२४)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे मनात घोळतंय, आज लिहून टाकतो.

डिसेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या अगदी जवळच्या मित्राला तातडीने पैसे हवे होते. त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया ठरली होती. माझ्या खात्यात तेवढी रक्कम नव्हती, पण बिटकॉइन होतं. मी त्याला ०.४ बिटकॉइन पाठवलं. तेव्हा भाव १७,००० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे झाले साधारण ६,८०० डॉलर. त्याने त्याच संध्याकाळी ते विकलं आणि रुग्णालयात पैसे भरले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. काका आता छान हिंडते-फिरते आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

सहा महिन्यांत परत करायचं ठरलं होतं. मुदत आली तेव्हा त्याने आणखी वेळ मागितला, मी "सावकाश दे" म्हणालो. आता त्याचा फोन आला की पैसे जमलेत, ६,८०० डॉलर लगेच पाठवतो. आणि इकडे भाव ७०,००० वर गेलाय. ०.४ बिटकॉइनचे आज २८,००० होतात.

मी म्हणालो, मी तुला बिटकॉइन दिलं होतं, बिटकॉइनच परत दे. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मी तुझ्याकडून ६,८०० घेतले. त्याचे २८,००० कुठून आणू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. वीस वर्षांची मैत्री आहे आमची.

कागद केलेला नाही. त्याचा तेव्हाचा एक निरोप आहे: "जेवढं घेतलंय तेवढं परत करतो, शब्द आहे माझा." हे "जेवढं" म्हणजे नेमकं काय, एवढंच मला विचारायचंय.

ध्रुवतारा

यात प्रश्नच नाही. सोनं उसनं दिलं तर सोनंच परत येतं. तुम्ही नाणं दिलंत, नाणं घ्या. भाव पडून ८,००० झाला असता तर तुम्ही ०.४ च परत घेतलं असतंत ना? पडण्याचा धोका तुमचा असेल तर वाढीचा फायदाही तुमचाच.

रानवारा

ध्रुवतारा, सोन्याचं उदाहरण एका जागी लंगडं पडतं. सोनं घालायला नेलं तर तेच परत येतं. इथे मित्राला बिटकॉइन नकोच होतं, रुग्णालयाचं देयक भरायचं होतं. बिटकॉइन ही फक्त पैसे पोचवायची वाट होती.

पण कवडसा यांचंही चूक नाही. त्यांच्याकडे जी वस्तू होती ती गेली आणि ती वस्तू आज ६,८०० मध्ये मिळत नाही.

हा वाद तुमच्या दोघांपुरता नाही, हे आधी सांगतो. अगदी असाच वाद मोठमोठ्या दिवाळखोरीच्या खटल्यांत झालाय. माउंट गॉक्स हे टोकियोतलं बिटकॉइन बाजारकेंद्र, म्हणजे नाणी घ्यायची-विकायची आणि ठेवायची जागा, २०१४ मध्ये बुडालं. दिवाळखोरीच्या नियमाप्रमाणे ठेवीदारांचे दावे त्या वेळच्या भावाने येनमध्ये मोजले गेले. पुढे भाव इतका वाढला की केंद्राकडे उरलेल्या बिटकॉइनची किंमत त्या सगळ्या दाव्यांपेक्षा जास्त झाली. ठेवीदारांनी दाद मागितली आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीतून काढून पुनर्वसनाच्या प्रक्रियेत नेलं गेलं, म्हणजे बिटकॉइनच्या रूपात परतफेड करता यावी. एफटीएक्स या दुसऱ्या बाजारकेंद्राचं उलट झालं. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलं आणि न्यायालयाने दावे दिवाळखोरीच्या अर्जाच्या दिवशीच्या भावाने धरले. बिटकॉइन साधारण १६,८७१ डॉलर. ठेवीदार ओरडले की आमचं नाणं होतं, तुमचे डॉलर नकोत. तरी भाव तोच राहिला.

प्रश्न एकच, आणि दोन ठिकाणी दोन उत्तरं. मग दोन मित्रांचं एका वाक्यावर अडलं तर त्यात कोणी लबाड आहे असं समजू नका.

पाणपोई

मी तुमच्या मित्राच्या जागी उभी राहिलेली आहे, म्हणून लिहिते.

२०२० च्या शरद ऋतूत मैत्रिणीकडून ५ ईथर (इथेरियमच्या जाळ्यावरचं नाणं) घेतले होते. तेव्हा एकाचा भाव ४०० डॉलरच्या आतच होता. मी लगेच विकले, घरातली अडचण भागवली आणि मनात धरलं की दोनेक हजारांचं देणं आहे. ठरलेलं मात्र ईथरमध्ये होतं, स्पष्ट. मे २०२१ मध्ये एका ईथरचा भाव ४,००० च्या वर गेला. रात्री दोन वाजता उठून भाव बघायचे. पाच गुणिले चार हजार. पगाराकडे बघायचे, पुन्हा भावाकडे बघायचे. मैत्रिणीचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, आणि ती तर नुसतं "कशी आहेस" विचारायला फोन करायची.

तेव्हा मला कळलं की नाणं उसनं घेऊन विकणं म्हणजे नकळत भाव पडण्यावर पैज लावणं. बाजारातले जाणते लोक हेच काम ठरवून करतात, तारण ठेवून आणि तोटा कुठे थांबवायचा हे आधी नक्की करून. मी ते स्वयंपाकघरात उभं राहून केलं, काय करतेय हे न कळता. तुमच्या मित्रानेही तेच केलं. आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

माझं देणं फिटलं ते मैत्रिणीने वेळ दिला म्हणून. दर महिन्याला जमेल तसं थोडं थोडं ईथर घेऊन पाठवत गेले. जून २०२२ मध्ये भाव हजाराच्या आसपास आला तेव्हा उरलेले एकदम घेतले. पाचच्या पाच परत केले. पण भाव पडला नसता तर? त्या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

कवडसा, एक विनंती. तो एकच निरोप नाही, त्या दिवसाचं सगळं संभाषण पुन्हा वाचा. वर-खाली सगळं. माणूस आपल्या बाजूचं वाक्य लक्षात ठेवतो.

अक्षांश

पाणपोईताईंना अनुमोदन.

साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीत, पुरावा आहे असं पुष्कळांना वाटतं, म्हणून एक सांगतो. साखळीवर एवढंच दिसतं की अमुक वेळी अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर ४ कोटी सातोशी गेले. (एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी.) का गेले, उसने की भेट की विक्रीपोटी, हे तिथे कुठेच नसतं. पत्ता म्हणजे नुसती अक्षर-आकड्यांची लांब ओळ, तो कोणाचा हेही नसतं. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, पण कराराची जागा तो घेत नाही.

जमाखर्च

मी हिशेबाच्या व्यवसायात आहे. माझ्या मते "नाणं की पैसे" इथेच अडकून पडलात तर दोघांपैकी एकाला हरावं लागेल. मुदतीकडे बघा.

६ महिन्यांची मुदत होती. म्हणजे जून २०२३ चा पहिला आठवडा. तेव्हा भाव २७,००० च्या आसपास होता. मित्राने वेळेवर नाणं परत केलं असतं तर तुमच्या हातात साधारण १०,८०० डॉलरची वस्तू आली असती. ती पुढे ठेवायची की विकायची हे तुम्ही ठरवलं असतंत. त्यानंतरची वाढ मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याने वेळ मागितला आणि तुम्ही "सावकाश दे" म्हणालात. तो मुदत बुडवून पळाला असता तर २८,००० मागायला तुम्ही मोकळे होतात. तुम्ही स्वतः मुदत वाढवून दिलीत, आणि वाढवताना भावाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत.

म्हणून मुदतीच्या दिवसाचा भाव हा पाया धरता येतो का, दोघं बसून बघा. हा कायदा नाही, माझा सल्ला आहे.

कराचंही बघून घ्या. बऱ्याच देशांत नाणं देणं, विकणं, नाण्याने देणं फेडणं या तिन्ही गोष्टी कराच्या नजरेत वेगवेगळ्या असतात, आणि उसनवार आहे हे दाखवता आलं नाही तर ती विक्री किंवा भेट धरली जाऊ शकते. तिथल्या जाणकाराला विचारा. विचारायला जाण्याआधी दिलं तो दिवस, वेळ, त्या वेळचा भाव, व्यवहार क्रमांक आणि परत आलं तो दिवस, वेळ, भाव एका कागदावर लिहून न्या.

ध्रुवतारा

जमाखर्चताई, मुदत वाढवून देणं हा चांगुलपणा होता. चांगुलपणाची शिक्षा देणाऱ्यानेच का भोगायची?

जमाखर्च

खरं आहे, बोचतं. पण वेळ वाढवून देताना "नाण्यातच घेईन हं" हे एक वाक्य म्हटलं असतं तर मित्राने कदाचित त्याच महिन्यात कर्ज काढून २७,००० च्या भावाने नाणं घेऊन टाकलं असतं. त्याला ती संधी मिळालीच नाही.

सांजवात

विषयाला थोडी बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. मित्राच्या नावाने उसने मागणारा निरोप आला तर आधी मित्रालाच बोलवून घ्या किंवा समोरासमोर दिसेल असा फोन करा आणि तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारा. आमच्या एका नातेवाइकाचं खातं कुणीतरी बळकावलं होतं आणि ओळखीच्या तिघांनी नाणी पाठवली. बँकेचा व्यवहार निदान थांबवायचा प्रयत्न तरी करता येतो. इथे गेलं ते गेलं.

रानवारा

सांजवात, बरोबर.

पुढे कोणी देणार असेल तर चार ओळी लिहून घ्या, एवढंच सांगेन. काय दिलं, नाण्यात परत की ठरलेल्या रकमेत परत, कधीपर्यंत, पाठवायचं शुल्क कोणाचं. आणि एक ओळ बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: मधल्या काळात नाण्याला जे काही फुटेल ते कोणाचं? १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनची साखळी दुभंगली आणि बिटकॉइन कॅश जन्माला आलं. त्या दिवशी ज्याच्या हातात किल्ली (नाणं खर्च करायचा गुप्त संकेत) होती त्याला दोन्ही साखळ्यांवर नाणी मिळाली. समजा ती किल्ली उसनवार घेणाऱ्याच्या हातात होती. मग नवं नाणं कोणाचं? लिहिलेलं नसेल तर उत्तर नाही. ईथर जाळ्याच्या राखणीसाठी अडकवून ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाचंही तसंच.

गरज पैशांचीच असेल तर स्वतः नाणं विकून पैसेच द्यावेत, असं माझं आता पक्कं मत झालंय. विकायला जीवावर येतं हे मान्य. पण जीवावर येत असेल तर तेच सांगतंय की ते नाणं तुम्हाला द्यायचं नाही.

निरभ्र

डॉलरला बांधलेली, म्हणजे भाव कायम एक डॉलर राहावा अशी नाणी द्यावीत ना मग, वाद मिटला.

अक्षांश

बराचसा मिटतो, पूर्ण नाही. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी डॉलरला बांधलेलं म्हणवत होतं आणि काही दिवसांत मातीमोल झालं. यूएसडीसी या तसल्याच नाण्यामागे खरी ठेव होती, तरी मार्च २०२३ मध्ये त्यातली काही ठेव असलेली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा ते ९० सेंटच्याही खाली गेलं. दोन-तीन दिवसांत सावरलं, पण नेमक्या त्याच शनिवारी परतफेड ठरली असती तर? म्हणून "१,००० यूएसडीसी" लिहायचं की "१,००० डॉलर" लिहायचं, हे तिथेही ठरवावंच लागतं.

शिवाय जाळं कोणतं, म्हणजे नाणं कोणत्या साखळीवरून जाणार, ते लिहा. टेथर हे डॉलरला बांधलेलं नाणं ट्रॉनच्या जाळ्यावरही आहे, इथेरियमवरही आहे. दोन्हीकडचे पत्ते दिसायलाच वेगळे असतात, त्यामुळे चूक लक्षात येते. खरी पंचाईत इथेरियमसारख्या भावंड जाळ्यांवर. तिथे एकच पत्ता सगळीकडे चालतो, त्यामुळे चुकीच्या जाळ्यावर पाठवलं तरी पाकीट (नाणी ठेवायचं-पाठवायचं साधन) हूं की चूं करत नाही. स्वतःची किल्ली असेल तर ते मिळवता येतं, बाजारकेंद्रातल्या खात्यावर गेलं असेल तर त्यांच्या मर्जीवर. आणि ट्रॉनवरून टेथर परत पाठवायचं तर पाकिटात थोडं ट्रॉनचं नाणंही लागतं, नाहीतर शुल्कच भरता येत नाही. उसनं घेणारा पहिल्यांदाच हे करत असतो, त्याला हे माहीत नसतं आणि आपल्याला वाटतं तो टाळतोय.

कवडसा (एप्रिल २०२४)

सगळ्यांचे आभार. पाणपोईताई, तुमचं ऐकलं. तो दिवस पुन्हा वाचला, पहिल्यापासून.

सकाळी मी लिहिलंय: "०.४ पाठवतोय, पत्ता दे." त्याने पत्ता दिला. दुपारी त्याचा निरोप: "मिळालं. साधारण ६,८०० होतात ना आज?" आणि मी लिहिलंय: "हो, तेवढेच." त्यानंतर त्याचं ते वाक्य: "जेवढं घेतलंय तेवढं परत करतो, शब्द आहे माझा."

त्याच्या वाक्याच्या अगदी वर माझं "हो, तेवढेच" आहे. दीड वर्ष मी फक्त त्याचं वाक्य लक्षात ठेवलं होतं. त्याने "तेवढं" म्हटलं ते माझ्या "तेवढेच"ला उत्तर होतं. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

काल त्याच्या घरी गेलो. फोन न करता. दार काकांनी उघडलं. आम्ही दोघं गच्चीत बसलो. मी संभाषण दाखवलं, जमाखर्चताईंचं मुदतीचं गणित सांगितलं. त्याने एकच गोष्ट विचारली: "तू हे नाणं विकलं नसतंसच ना?" मी म्हणालो, नसतं विकलं. तो म्हणाला, "मग ६,८०० देऊन मी मोकळा झालो असं मला कधीच वाटणार नाही."

१०,८०० डॉलर ठरले. रक्कम डॉलरमध्ये पक्की, ३ हप्ते, आणि प्रत्येक हप्ता त्या दिवशीच्या भावाने बिटकॉइनमध्ये. म्हणजे आता भाव वाढो की पडो, त्याचं देणं बदलणार नाही, आणि माझ्या हातात पुन्हा नाणं येईल. ०.४ पेक्षा बरंच कमी येईल हे मला दिसतंय. तेवढं मी सोडलंय. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, काकांनी साक्षीदार म्हणून केली.

ध्रुवतारा

मी अजूनही नाण्याच्याच बाजूने आहे. पण "हो, तेवढेच" वाचल्यावर तुमच्या बाबतीत तसं म्हणवत नाही. इथे ते प्रामाणिकपणे लिहिलंत, आदर वाटला.

पाणपोई

तुमच्या मित्राला आज झोप लागेल. मला ठाऊक आहे ती झोप.

अक्षांश

हप्ता घेताना: नवा पत्ता द्या, जुन्या व्यवहारातून नक्कल करू नका. हल्ली भामटे पुढची-मागची काही अक्षरं जुळणारे पत्ते बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत क्षुल्लक रक्कम टाकतात, आणि माणूस घाईत तोच उचलतो. काही घातक प्रणाली तर चिकटवताना पत्ताच बदलतात. म्हणून फोनवर पत्ता अक्षर-अक्षर वाचून घ्या, मधलीही अक्षरं. आधी छोटी रक्कम मागवा. आणि मित्राला मदत करायच्या नादात तुमचे १२ किंवा २४ शब्द, ज्यांनी पाकीट उघडतं ते, त्याच्यासमोरही उघडू नका.

कवडसा (मे २०२४)

पहिला हप्ता आला, म्हणून कळवतो.

आम्ही २० एप्रिलचा शनिवार ठरवला होता. त्याच दिवशी ८,४०,००० वा ठोकळा (साखळीला जोडला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा) पडला, तो जोडणाऱ्याला मिळणारं खाणकामाचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइन झालं आणि साखळीवर एवढी गर्दी उसळली की पाठवायचं शुल्क ऐकून मित्र गोंधळला. त्याने विचारलं, "आजच पाठवायचं ठरलंय, पाठवू का?" कागदावर "शुल्क देणाऱ्याचं" असं लिहिलंय, त्यामुळे तो भरणारच होता. मी म्हणालो थांब, उतरू दे. ही मुदतवाढ मात्र या वेळी कागदावर तारीख घालून लिहिली.

पुढच्या आठवड्यात शुल्क खाली आलं. भाव ६४,००० धरला. ३,६०० डॉलरचे ०.०५६२५ बिटकॉइन. आधी २०,००० सातोशी पाठवायला सांगितले. फोन चालू ठेवला होता, तो पत्ता वाचत होता आणि मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत होतो. मधेच एक अक्षर त्याने चुकीचं वाचलं, आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते सातोशी पोचल्यावर त्याने बाकीचे पाठवले.

पहिली पुष्टी, म्हणजे व्यवहार साखळीत नोंदला गेल्याची खूण, यायला बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही फोनवर होतो. काकांच्या फिरण्याबद्दल, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल, मधल्या महिन्यांत राहून गेलेल्या सगळ्याबद्दल बोललो. सहावी पुष्टी आली तेव्हा भावाकडे माझं लक्षच नव्हतं. त्याने विचारलं, "आलं?" मी म्हणालो, "आलं."

पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये आहे.